एकच काम की सगळी कामे? संगणकाच्या धंद्यात उतरणाऱ्या मुलांसाठी

कार्ले फाट्याजवळ ग्रिल, गेट आणि जाळीकाम करणारे आमच्या ओळखीचे एक कारागीर आहेत. त्यांचा मुलगा संगणकाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकतो. मळवलीहून लोकलने पुण्याला जातो आणि संध्याकाळी परतल्यावर वडिलांच्या वर्कशॉपमध्ये हिशेब बघतो. गेल्या महिन्यात आम्ही तेथे गेलो, तेव्हा बाप-लेक दोन पत्रके पुढे ठेवून बसले होते. दोन्ही पत्रके खासगी क्लासची होती. एका क्लासचे म्हणणे असे की, आम्ही सहा महिन्यांत सर्व काही शिकवतो. त्याखाली बारा-चौदा विषयांची नावे छापली होती. दुसऱ्याचे म्हणणे असे की, आम्ही फक्त मोबाईलवरील ॲप करावयास शिकवतो, दुसरे काही नाही. फी दोन्हीकडे जवळपास सारखीच, म्हणजे वेल्डिंगच्या एका नव्या मशीनएवढी.

आणि ते मशीन खरोखरच घ्यावयाचे होते. जुने मशीन मध्येच बंद पडते आणि पावसाळ्यापूर्वी हाती घेतलेली कामे खोळंबतात. पैसे एकदाच खर्च होणार होते. व्याजाने पैसे काढावयाचे नाहीत, हे त्यांनी आधीच ठरविले होते. त्यांनी आम्हास विचारले, "भाईसाहेब, तुम्ही लिहिता-वाचता. पोराने एकच काम धरावे की सगळी कामे शिकावी?"

हा प्रश्न आज अनेक घरांत विचारला जात असणार. म्हणून त्यांना जे सांगितले ते, आणि नंतर जे सुचले तेही, आम्ही येथे जरा विस्ताराने मांडत आहोत.

आम्ही प्रथम त्यांनाच उलट विचारले की, तुम्ही हे काम कसे शिकलात? ते हसले. पहिले वर्षभर उस्तादांनी त्यांच्या हाती होल्डरसुद्धा दिला नाही. लोखंड धरणे, मापे घेणे, कापणे, ग्राइंडर मारणे, गुण्या लावून काटकोन बघणे, गंज खरवडून रंगाचा पहिला हात देणे, एवढेच काम. मग टाके मारावयास मिळाले. मग खिडकीचे ग्रिल, मग जिना, मग गेट. असे करता करता बरीच वर्षे गेली. आज ते सर्व काही करतात. पण मावळातील बंगलेवाले त्यांना शोधत येतात ते एकाच कामासाठी, उतारावरच्या गेटसाठी. लोणावळा-कार्ले परिसरातील बंगल्यांच्या जागा डोंगरउताराच्या. सपाटीवर बसविण्याचे साधे गेट तेथे उघडताना जमिनीला घासते, किंवा एका बाजूला खाली मोठी फट राहते. बिजागरी कोठे घ्यावी, गेट वर उचलत उघडावे की सरकवावे, पावसाळ्यात दगड-माती वाहून येते तेथे चाकाची पट्टी कशी टाकावी, हे त्यांना चांगले कळते. हे कोणत्याही उस्तादाने त्यांना शिकविलेले नाही. येथल्या जमिनीने आणि येथल्या पावसाने शिकविले.

आमच्या मते प्रश्नाचे अर्धे उत्तर यातच आहे. पण संगणकाचे क्षेत्र थोडे उलगडून सांगितल्याशिवाय ते पटावयाचे नाही.

सॉफ्टवेअर म्हणजे एकच काम, असा बाहेरच्या माणसाचा समज असतो. वस्तुतः इमारतीच्या कामासारखे त्याचे अनेक भाग आहेत. ग्राहकाला पडद्यावर जे दिसते ते करणारे वेगळे, आत हिशेब आणि नियम चालविणारे वेगळे, माहितीचा साठा नीट लावून ठेवणारे वेगळे. कोणी फक्त मोबाईलचे काम करतो, कोणी झालेल्या कामातील चुका शोधतो, कोणी ते काम सर्व्हरवर चढवून रात्रंदिवस चालू ठेवतो. प्रत्येक भागाची हत्यारे निराळी, आणि ती दर चार-पाच वर्षांनी बदलतात. नवशिक्या मुलगा ही यादी पाहून घाबरतो. मग तो दोहोंपैकी एक चूक करतो.

पहिली चूक शर्टाच्या कॉलरवाल्याची. रेडिमेडच्या कारखान्यात एक जण दिवसभर फक्त कॉलर शिवतो. त्याचा हात असा बसलेला असतो की नवखा बघतच राहावा. मजुरी नगावर, आणि लवकर सुरू होते. पण कॉलर बसविण्याचे यंत्र आले, किंवा मालकाने बिनकॉलरच्या मालाची ऑर्डर घेतली, म्हणजे त्याला अख्खा शर्टही शिवता येत नाही. जो मुलगा पहिल्याच दिवसापासून एकच हत्यार धरून बसतो आणि त्याच्या आजूबाजूचे काही बघत नाही, त्याची गत हीच.

दुसरी चूक याच्या उलट. बारा विषयांची बारा प्रमाणपत्रे, पण मुलाखतीत समोरच्याने साधे विचारले की, ज्या ग्राहकांनी गेल्या तीन महिन्यांत काहीच खरेदी केली नाही त्यांची नावे साठ्यातून काढून दाखव, की मुलगा गप्प. प्रत्येक विषयाचा पहिला आठवडा त्याला ठाऊक, दुसरा आठवडा कोणत्याच विषयाचा नाही. वर्कशॉपमध्ये चार उस्तादांकडे तीन-तीन महिने काढलेली मुले येतात. त्यांना चारही ठिकाणच्या चहाची वेळ ठाऊक असते, टाका कोठेच नीट बसत नाही. आमच्या मित्राने मान डोलावली. असा एक त्यांच्याकडे येऊन गेला होता.

दोन्ही चुकांमागे एकच गैरसमज आहे. हत्याराचे नाव म्हणजेच हुन्नर, असे आपण धरून चालतो.

फॉक्सप्रोचे उदाहरण आमच्या व्यापारी वाचकांना लगेच कळेल. १९९० च्या दशकात घाऊक दुकानांचे, वखारींचे, पतपेढ्यांचे हिशेब ठिकठिकाणी याच प्रणालीत लिहिलेले होते आणि फॉक्सप्रो येणाऱ्या मुलाला काम मिळत असे. तिची शेवटची आवृत्ती २००४ साली आली आणि २०१५ साली कंपनीने तिचा आधारही काढून घेतला. त्या काळच्या मुलांचे पुढे काय झाले? ज्याने फक्त फॉक्सप्रोच्या आज्ञा पाठ केल्या होत्या, तो मागे पडला. पण ज्याने त्या निमित्ताने खतावणी कशी चालते, उधारी आणि वसुली यांचा मेळ कसा लागतो, एकाच मालाचे दोन भाव असले तर साठ्याची किंमत कशी धरावी, आणि माहितीचे तक्ते एकमेकांशी कसे जोडावे हे समजून घेतले होते, त्याने हत्यार बदलले आणि धंदा चालू ठेवला. माहितीचे तक्ते परस्परांशी जोडण्याचा सिद्धान्त एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला. त्यावर आधारलेली एसक्यूएल ही भाषा आजही बँकेपासून किराणा दुकानापर्यंत सर्वत्र चालते. उलट, फ्लॅश नावाच्या प्रणालीत चलच्चित्रे आणि खेळ करणाऱ्यांची एके काळी मोठी चलती होती. ती २०२० च्या अखेरीस कायमची बंद झाली.

ज्यांना संगणकाचे उदाहरण दूरचे वाटते त्यांनी हमरस्त्यावरचे गॅरेज पाहावे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले आणि नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर जाऊन इंधन फवारणीची पद्धत आली. कार्बोरेटर साफ करण्यात ज्याचा हातखंडा होता, त्या मिस्त्रीचे काय? इंजिनाला हवा आणि पेट्रोल कोणत्या प्रमाणात लागते हे ज्याला कळत होते, त्याने स्कॅनर घेतला आणि शिकला. ज्याला फक्त दोन स्क्रू फिरविणे माहीत होते, त्याच्याकडे आता जुन्याच गाड्या येतात, आणि त्या दरवर्षी कमी होत जाणार.

मग कसब हवेच ना एखाद्या कामात? हवेच. पण ते केव्हा आणि कशातून यावे, यासंबंधी पुण्यातीलच दोन उदाहरणे आम्हास फार बोलकी वाटतात.

पहिले उदाहरण क्विक हीलचे. कैलास काटकर यांचे शालेय शिक्षण दहावीपर्यंत. रेडिओ-कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात ते नोकरीस लागले आणि पुढे १९९० च्या सुमारास पुण्यात त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान टाकले. येईल ते यंत्र उघडावयाचे, ही त्यांची पद्धत. बँकांत यंत्रदुरुस्तीस जात असता त्यांना संगणक दिसला, तेव्हा तोही ते शिकले. हे सर्व काही करणाऱ्याचे लक्षण झाले. पण दुकानात दुरुस्तीस येणारे संगणक बघता बघता त्यांच्या ध्यानात आले की, यंत्रात बिघाड नसतोच. फ्लॉपीतून आलेल्या व्हायरसने ते बंद पडलेले असते. धाकटे बंधू संजय त्या वेळी संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी हे व्हायरस काढून टाकणारे छोटे प्रोग्रॅम लिहिले. प्रथम ते दुकानाच्या उपयोगाचे होते, आणि १९९५ च्या सुमारास तो विकावयाचा माल झाला. पुढे सर्व दुरुस्ती मागे पडली आणि हे एकच काम राहिले. २०१६ च्या फेब्रुवारीत या कंपनीचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले. आमच्या वाचकांनी येथे क्रम ध्यानात घ्यावा. आधी दहा प्रकारची यंत्रे उघडली, त्यातून वारंवार समोर येणारी एक अडचण दिसली, आणि मग त्या अडचणीत ते खोल उतरले. काटकर बंधूंनी अडचण निवडली. हत्यारे त्या अडचणीपायी आली.

दुसरे उदाहरण याहून वेगळे आहे, आणि ते सांगितले नाही तर आमचे म्हणणे एकतर्फी होईल. आनंद देशपांडे यांनी १९९० साली पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली ती एका विशिष्ट विषयाच्या बळावर. माहितीचे साठे, म्हणजे डेटाबेस, हा त्यांचा विषय, आणि त्यात त्यांनी अमेरिकेत डॉक्टरेट मिळविली होती. सुरुवातीस कंपनीची कामेही बरीच त्याच प्रकारची होती. तेव्हा एकाच विषयाने सुरुवात करता येत नाही असे नव्हे. फक्त त्या आधीची वर्षे मोजावी. आयआयटीतील पदवी, मग परदेशातील संशोधन, मग एक विषय. सहा महिन्यांच्या क्लासमधून निघालेल्या मुलाने या उदाहरणावर हक्क सांगू नये.

नोकरीच्या बाजारातही दोन दरवाजे आहेत. इन्फोसिससारख्या मोठ्या कंपन्या नवीन पदवीधरांना घेतात तेव्हा त्यांना अमुकच हत्यार यावे असा आग्रह क्वचित धरतात. गणित, तर्क आणि प्रोग्रॅमिंगचा पाया तपासतात आणि मग स्वतःच काही महिने शिकवतात. इन्फोसिसचे मैसूरचे प्रशिक्षण केंद्र याचसाठी आहे. लहान कंपनीला शिकविण्यास सवड नसते. तिला उद्या कामास बसणारा हवा, म्हणून ती हत्याराचे नाव घालून जाहिरात देते. तेव्हा मुलगा कोणत्या दारावर उभा राहणार, यावर उत्तर थोडे बदलते. पहिल्या दारासाठी पाया, दुसऱ्या दारासाठी पाया आणि एक तयार हत्यार. पाया दोन्हीकडे लागतोच.

२०२२ पासून यात आणखी एक भर पडली आहे. सांगितले की प्रोग्रॅम लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आली. हजारो लोकांनी पूर्वी लिहिलेले नेहमीचे काम ती चटकन करून देतात. म्हणजे कॉलर शिवणारे यंत्र आले असे समजा. पण ते यंत्र चुकीचा हिशेबही तितक्याच आत्मविश्वासाने लिहून देते, आणि चूक ओळखावयास अख्खा शर्ट शिवता येणारा माणूस लागतो. नवशिक्याची किरकोळ कामे यामुळे घटतील अशी आम्हास धास्ती वाटते, आणि ती लपवून मुलांना खोटा दिलासा देणे बरे नव्हे.

कार्ले फाट्यावर बसून लेण्यांची आठवण न होणे कठीण. एकवीरेच्या देवळाशेजारचे ते मोठे चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. लांबी सुमारे १२४ फूट, आणि आत सदतीस खांब. आमच्या दृष्टीने तेथील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ब्राह्मी लिपीतील लेख, कारण त्यांत राजांइतकीच व्यापारी आणि कारागीर यांची नावे त्यांच्या धंद्यासकट आहेत. धेनुकाकट गावचा सिंहदत्त, धंदा सुगंधी द्रव्यांचा, म्हणजे आपल्या अत्तरवाल्यांचा जुना भाऊबंद. त्याने एका दरवाजाचे दान दिले. त्याच गावचा सामी, धंदा वढकी, म्हणजे सुतार. हिंदीतला बढई तो हाच शब्द. त्याने दरवाजा केल्याची नोंद आहे. आणि वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याने हे शैलगृह पुरे केले. प्रत्येकाची ओळख एका शब्दात, एका धंद्याने. पण आत जाऊन वर पाहावे. दगडी छताला सागवानी लाकडाच्या कमानी बसविलेल्या आहेत आणि त्या अजून टिकून आहेत. डोंगर पाथरवटाने कोरला. पण त्याच्या गोलाईत लाकूड बसावयाचे तर सुताराला दगडाचा आणि पाथरवटाला लाकडाचा अंदाज हवा. लेखात 'सुतार' एवढेच लिहिले जाते. शेजारच्याचे काम कळल्याखेरीज मात्र कमान बसत नाही.

असो. आम्ही त्या दोघांना सांगितले की, तूर्त कोणत्याच क्लासला पैसे भरू नका. मुलाजवळ पदवीचे शिक्षण आहे, जुना का होईना पण संगणक आहे. त्याने एक भाषा धरावी, पायथॉन धरा नाहीतर जावा, आणि वर्षभर ती सोडू नये. जोडीला एसक्यूएल शिकावी. आणि वडिलांच्या वर्कशॉपसाठी एक पूर्ण वस्तू करावी. पडद्यापासून साठ्यापर्यंत सर्व काही एकट्याने, आणि वडील ती रोज वापरतील अशी. क्लासमधले शंभर धडे ग्राहकाशिवायचे असतात. येथे ग्राहक घरातच आहे, आणि तो रागीटही आहे.

मुलाने गेटच्या अंदाजपत्रकाचे काम घेतले. मापे टाकली की लोखंड किती लागेल आणि किंमत काय होईल ते सांगणारा प्रोग्रॅम. तीन आठवड्यांत त्याने तो तयार केला आणि कौतुकाने वडिलांना दाखविला. एका गेटला सात-सात फुटांचे आठ तुकडे लागणार होते. संगणक म्हणाला, एकंदर छप्पन्न फूट. पाईप वीस फुटी येतो, म्हणजे तीन पाईप पुरेत. वडिलांनी क्षणभर पाहिले आणि म्हणाले, "चार लागतील." वीस फुटांच्या पाईपातून सात फुटांचे दोनच तुकडे निघतात आणि सहा फूट उरतो. तीन पाईपांत सहाच तुकडे. हे त्यांना कागदावर मांडावे लागले नाही. शिवाय ते म्हणाले, "उरलेला सहा फूट भंगार नव्हे. खिडकीच्या कामात तो जातो. ते तुझ्या यंत्राला ठाऊक आहे का?"

नव्हते. मुलगा दोन दिवस गप्प होता. मग शोधता शोधता त्याला कळले की, लांब माल कसा कापला म्हणजे कमीत कमी वाया जाईल, हा गणितातला नामांकित प्रश्न आहे. रशियाचे कांतोरोविच यांनी १९३९ साली अशा प्रश्नांवर काम केले आणि त्यांना पुढे १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आयबीएममधील गिलमोर आणि गोमोरी यांनी १९६१ साली त्यावर जी रीत सुचविली ती कागद, कापड, काच आणि लोखंड कापणाऱ्या कारखान्यांच्या कामी आली. मुलाच्या पुस्तकात हा विषय कोपऱ्यात एका परिच्छेदात होता. आता तो त्याने उघडून ठेवला आहे. शेजारच्या काचवाल्याने आणि प्लायवूडच्या दुकानदाराने विचारणा केली आहे की, आमच्यासाठीही असे काही होईल का. प्लायवूडमध्ये लांबीबरोबर रुंदीही बघावी लागते, म्हणून ते जास्त अवघड, असे तो आम्हास समजावून सांगत होता.

ज्यांच्या घरात दुकान किंवा कारखाना आहे अशा मुलांनी आपल्या घरची अडचण अशीच उकलून पाहावी. उधारीच्या वहीचा प्रोग्रॅम सोपा वाटतो. पण एकाच ग्राहकाचे नाव एकदा 'रफिक' आणि एकदा 'रफीक' लिहिले गेले की दोन खाती होतात. अर्धी रक्कम देणारा, माल परत करणारा, भावाच्या नावावर नेणारा, हे सारे वहीत चालते. ते प्रोग्रॅममध्ये बसवून पाहावे. टॅली हा हिशेबाचा प्रोग्रॅमही असाच जन्मला. बंगळूरचे श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या धंद्याचे हिशेब ठेवण्याजोगे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा गणिताचे पदवीधर असलेले पुत्र भरत यांनी ते लिहिले. कंपनी १९८६ सालची.

क्लास लावावयाचाच असेल तर पैसे देण्यापूर्वी तेथे तीन गोष्टी विचाराव्यात. मागच्या तुकडीतील मुलांनी स्वतः केलेले काम चालू स्थितीत दाखवा, असे म्हणावे. नुसती प्रमाणपत्रे बघू नयेत. शिकविणारा स्वतः काय काम करतो ते विचारावे. आणि फी हप्त्याने देता येते का व मध्येच सोडल्यास परत काय मिळते, हे लिहून घ्यावे. तिसऱ्या प्रश्नाला तोंडी उत्तर देणाऱ्याकडून उठून यावे.

वेल्डिंगचे मशीन आले आहे. अंदाजपत्रकाचा प्रोग्रॅम आता सपाटीवरच्या गेटला बरोबर चालतो आणि वडील रोज तो मोबाईलवर उघडतात. उतारावरच्या गेटला मात्र अजून चुकतो. ते माप वडील तोंडीच सांगतात आणि मुलगा वहीत टिपून घेतो.